नेटची लाईन गेली तरी परवानगी चालायला हवी असेल तर

हर्णै, रत्नागिरी, देवगड अशा तीन शाखा, परवानग्यांचा सर्व्हर एकटा रत्नागिरीत, आणि पावसात लाईन गेली की हर्णैच्या माणसाला शीतगृहाची नोंदही उघडता येत नाही. मग युजरची यादी तिन्हीकडे कॉपी करू का, असं विचारलंत. नका करू. मी केली होती. काम सोडून गेलेल्या पोराचं खातं रत्नागिरीत त्याच दिवशी बंद केलं. देवगडच्या प्रतीत ते गणपतीपासून शिमग्यापर्यंत चालू!

तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बर्फाला जाताना बोटमालकाची चिठ्ठी नेतो तसं करा: अमुक बोटीला वीस लाद्या, आजच्यापुरत्या. कारखान्यातला माणूस तांडेलाचं नावगाव विचारत नाही, सही ओळखतो आणि बर्फ देतो. ब्लेझ, फायगनबॉम आणि लेसी या संगणक संशोधकांनी १९९६ मध्ये ‘ट्रस्ट मॅनेजमेंट’ म्हटलं ते यालाच. माणूस कोण, मग यादीत त्याचं नाव आहे का, हा फेरा टाळून ‘ही किल्ली हे काम करू शकते का’ एवढंच तपासायचं. किल्ली म्हणजे डिजिटल सहीची किल्ली. त्यांच्या त्याच कामातून पुढे कीनोट ही अशा चिठ्ठ्या लिहायची-तपासायची पद्धत आली (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी २७०४, १९९९).

तुमच्याकडे रत्नागिरीच्या किल्लीने शाखाप्रमुखाला सात दिवसांची चिठ्ठी द्या, त्याने आपल्या किल्लीने कामगाराला एका दिवसाची. आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त कोणालाच देता येऊ नये, हे तपासणाऱ्या प्रोग्रामने बघायचं. शाखेत रत्नागिरीची फक्त पब्लिक की ठेवा, म्हणजे जिने सही तपासता येते पण करता येत नाही ती किल्ली. जेडब्ल्यूटी (सही केलेल्या डिजिटल चिठ्ठीचा एक प्रचलित नमुना) वापरणार असाल तर त्यातली एचएस२५६ ही सहीची पद्धत नको. त्यात तपासणाऱ्याकडे आणि सही करणाऱ्याकडे गुपित एकच असतं, म्हणजे हर्णैचा पीसीही रत्नागिरीच्या नावाने चिठ्ठ्या लिहून देऊ शकतो.

दिलेली चिठ्ठी परत घेणं मात्र कठीण. लाईनच नाही तर रद्द केल्याचं कळवणार कसं? म्हणून मुदत ठरवताना तेवढ्या दिवसांत किती नुकसान सोसेल ते आधी बघा. आमच्याकडे माल आत-बाहेर ऑफलाईन चालतो, पैसे देणं नाही. त्यावरून कुरकुर होते, होऊ दे.

आणि घड्याळ! वीज गेली, मदरबोर्डचा सेल मेलेला, पीसी उठला तो जुनीच तारीख घेऊन, आणि नेटशिवाय ती आपोआप दुरुस्त होणार नाही. संपलेली चिठ्ठी पुन्हा जिवंत. शेवटच्या नोंदीच्या वेळेपेक्षा मागची वेळ दिसली तर प्रोग्रामने थेट नकार द्यावा. सेल तर मिरगाआधीच तिन्हीकडे बदलून टाका.