लेकीच्या वहीतलं रोमन नाणं

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला नाण्यांच्या प्रदर्शनातून तिला एक रोमन नाणं घेऊन दिलं. काळपट हिरवं, १७ मिलिमीटर, २.४ ग्रॅम. एका बाजूला डोक्यावर पानांची माळ असलेला तरुण, दुसऱ्या बाजूला दोन शिपाई आणि मध्ये दोन निशाणं. चेहऱ्याभोवती 'कॉन्स्टँटि' एवढं लागतं, मग झिजलंय, शेवटी 'नोब सी'. पाकिटावर 'कॉन्स्टंटाइन द ग्रेट, लंडन' लिहिलंय. हे बरोबर आहे का? लेकीने नोंदवही केली आहे, तिने त्यात काय लिहावं? आणि नाणं घासून साफ करावं का?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पत्र हाती पडेपर्यंत कुणी चिंच आणली नसेल अशी आशा आहे. १९८७ साली माझ्या सरांनी मला असंच एक नाणं दिलं होतं. मी ते चिंच-मीठ लावून समई घासतात तसं घासलं. पिवळं झालं, चकचकीत झालं आणि खालची टांकसाळीची अक्षरं गेली. ते नाणं कुठे पाडलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्याची रुखरुख अजून आहे. तो हिरवट थर म्हणजे मळ नव्हे. अक्षरांचे काठ बहुतेक वेळा त्या थरातच टिकलेले असतात. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, आणि लाकडी काडीपलीकडे काही लावू नका.

आता पाकीट. लंडन नक्की नाही. शिपायांभोवतीचा लेख 'ग्लोरिया एक्झर्सितुस', म्हणजे सैन्याचा गौरव. ही छाप सुरू झाली ३३० साली, आणि लंडनची टांकसाळ त्याच्या पाचेक वर्षं आधीच बंद झाली होती. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शिपायांच्या पायांखालच्या रेघेखाली 'टी आर' स्पष्ट आहे. हे ट्रियर, आजच्या जर्मनीत मोझेल नदीकाठी. त्या काळात ब्रिटनमध्ये आलेला सुट्टा पैसा मोठ्या प्रमाणात ट्रियर, लियाँ आणि आर्लच्या टांकसाळींचाच असे. 'टी आर'नंतर एक अक्षर अर्धवट आहे. ट्रियरला तेव्हा दोन कारखाने चालत, त्यांच्या खुणेची अक्षरं पी आणि एस. टॉर्च अगदी आडवा धरून नाणं हळूहळू फिरवा, वळण वर दिसतं की खालीही, ते कळेल.

नावाचं मात्र जपून. सम्राट कॉन्स्टंटाइनने मुलांची नावं अशी ठेवली की नाणी वाचणाऱ्याची परीक्षाच होते : कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँटियस, कॉन्स्टान्स. झिजलेल्या नाण्यावर पहिले दोन तर सारखेच. पण 'नोब सी' म्हणजे 'नोबिलिस्सिमुस सीझर', युवराजाचा किताब. सम्राटाला 'ऑगस्टस' लावतात, म्हणजे बाप बाद. डोक्यावरची माळही तेच सांगते; या छापेवर थोरल्या कॉन्स्टंटाइनच्या डोक्यावर राजपट्ट असतो. मग थोरला मुलगा की मधला? मधल्याच्या लेखाची सुरुवात 'एफ एल, आय व्ही एल' अशी होते, त्यामुळे त्याच्या नावाचं पहिलं 'सी' पार वर, डोक्यामागे सरकतं. तुमच्या नाण्यावर हे पहिलं 'सी' खाली खांद्यालगत आहे, त्याच्या आधी एकही अक्षर मावायला जागा नाही. तेव्हा हा थोरला मुलगा, बापाच्याच नावाचा धाकटा कॉन्स्टंटाइन, म्हणजे कॉन्स्टंटाइन दुसरा. झिजलेल्या जागी 'नुस युन' असणार. 'युन' म्हणजे ज्युनियर.

साल निशाणांवरून ठरतं. दोन निशाणं ३३० ते ३३५, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. पुढे निशाण एकच उरलं आणि नाणं दीड ग्रॅमवर आलं. तुमचं २.४ भरतंय, छान जुळतं.

वहीत लेकीने आधी फक्त डोळ्यांना दिसतं ते लिहावं, नाण्यावरच्याच मोठ्या अक्षरांत, 'यू'च्या जागी 'व्ही' ठेवून. अंदाजाने भरलेली अक्षरं चौकोनी कंसात : कॉन्स्टँटि[नुस युन] नोब सी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाकिटावरच्या माणसाने पाहिलेलं आणि मानलेलं एकत्र केलं, म्हणून चूक झाली. मग धातू, व्यास, वजन, आणि ठशांची दिशा. ती अशी पाहायची : चेहरा सरळ धरून नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं, शिपायांची डोकी घड्याळात किती वाजता येतात ते लिहायचं. बारा किंवा सहा आलं तर नवल नाही.

शेवटी सूचीक्रमांक. 'रोमन इम्पीरियल कॉइनेज' या ग्रंथमालेचा सातवा खंड तुमच्या कामाचा, ब्रूनने लिहिलेला, १९६६चा. त्यात टांकसाळीगणिक क्रमांक नव्याने सुरू होतात, म्हणून 'खंड ७, ट्रियर' लिहून मगच आकडा लिहा. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या 'ओक्रे' या संकेतस्थळावर या सूचीत फुकट शोधता येतं. तिथे सम्राटापेक्षा आधी टांकसाळ निवडा, यादी पटकन आटोक्यात येते.

आणि ते चुकीचं पाकीट फेकू नका. प्रदर्शनाची तारीख, पावती आणि पाकीट वहीत चिकटवून ठेवा. नाणं तुमच्याकडे कुठून आलं, याचा दुसरा पुरावा नाही. तिसरं अक्षर पी निघालं की एस, ते लेकीला मला लिहून कळवायला सांगा.