काटा नव्वदवर असला म्हणून

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

वणीहून कोळसा भरून निघालास, इंजिनाच्या तापमानाचा काटा ८५ वरून ९२ वर गेला आणि तू गाडी बाजूला लावून बसलास, हे कळलं. अरे, ते इंजिन गरम झालं नव्हतं, काम करत होतं. डिझेल इंजिनाचं पाणी साधारण ८० ते ९५ अंशांत राहावं असंच ते बनवलेलं असतं. लोड, चढ आणि मे महिन्यातलं आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन एकत्र आलं की काटा पाच-सात अंश सरकणारच. तुझ्या गाडीचा काटा रिकामी असताना कुठे असतो, भरल्यावर कुठे, चढावर कुठे, हे डोक्यात पक्कं ठेव. नेहमीच्या जागेपेक्षा तो वर जाऊन तिथेच थांबला, किंवा चढतच राहिला, तर मात्र शोध घे.

मिस्त्रीने थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून दिला, हे मला पटलं नाही. उन्हाळा आला की आपल्याकडे हा उपाय सर्रास करतात. हा वॉल्व्ह ८० अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर तापतं. वॉल्व्ह नसला तर सकाळी इंजिन बराच वेळ थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही, न जळलेलं डिझेल लायनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यावरचं तेल धुऊन इंजिन ऑइलमध्ये उतरतं. अ‍ॅव्हरेज पडतो तो वेगळाच. आणि गंमत बघ, बऱ्याच इंजिनांत हाच वॉल्व्ह पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. म्हणजे थंड राहावी म्हणून वॉल्व्ह काढायचा आणि चढावर गाडी जास्तच तापायची!

मग आधी बाकीचं बघायचं. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मार. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे कापसाचा थर बसतो, सोयाबीनच्या दिवसांत कुटार. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत हवाच जात नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेर हवा मार, पण बेताने, पाती वाकतात. फॅनचा बेल्ट सैल आहे का, तेही बघ.

अकोल्याकडे गेलास तर खारपाणपट्ट्यातलं पाणी रेडिएटरला दाखवूसुद्धा नकोस. बोअरचं पाणीही नको. आत क्षार धरतात, नळ्या बुजतात. कंपनीने सांगितलेलंच कूलंट घाल. ते लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडण्यापासूनही वाचवतं, साध्या पाण्याला ते जमत नाही.

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढताना वरच्या गिअरमध्ये गाडी ओढत नेऊ नकोस. वॉटर पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो. फेरे पडले की पाणी मंद फिरतं आणि लोड तेवढाच राहतो. वेळेवर खालचा गिअर टाक. वर पोचल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेव, मग बंद कर. टर्बोलाही ते मानवतं.

काटा वर चढून एकाएकी खाली पडला तर हायसं वाटून घेऊ नकोस, बाप्पा. पाणी गळून सेन्सर उघडा पडला की तो वाफेत राहतो आणि काटा खोटं थंड दाखवतो. अशा वेळी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद कर. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. झाकणाच्या दाबामुळेच आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलंस की ते क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज हाताला सोसेल इतका निवू दे. गरम इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जातो, त्याचा खर्च मालक तुझ्याच पगारातून काढेल.

वॉल्व्ह या आठवड्यातच परत बसवून घे. त्यावर अंशांचा आकडा कोरलेला असतो. कंपनीच्या पुस्तकातला आणि तो जुळतो का ते बघ, दुकानदार म्हणतो म्हणून घेऊ नकोस.

तुझा काका