वातकुक्कुट ईएसपी३२ ला कसा जोडायचा?

दोन वायरींचा वातकुक्कुट (वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र) ईएसपी३२ या छोट्या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या डिजिटल पिनला जोडलात आणि दिशा कळत नाही, असं म्हणताय. तशी ती कळणारही नाही. या प्रकारात आत आठ रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारे) आणि आठ वेगवेगळे रेझिस्टर असतात, दिशेप्रमाणे रेझिस्टन्स बदलतो, त्यामुळे तो मोजायला अ‍ॅनालॉग पिनच हवी.

एक वायर ग्राउंडला, दुसरी जीपीआयओ ३४ या पिनला, आणि त्याच पिनवरून १० किलोओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टला. ५ व्होल्ट अजिबात नको. व्होल्टेज मोजणाऱ्या दोन एडीसींपैकी एडीसी२ च्या पिना टाळा, वायफाय चालू असताना त्या वाचता येत नाहीत.

नेहमीच्या मॉडेलात उत्तरेला ३३ किलोओहम, म्हणजे पिनवर साधारण २.५ व्होल्ट; पूर्वेला १ किलोओहम, म्हणजे ०.३. पश्चिमेला १२० किलोओहम, व्होल्टेज ३ च्या वर, आणि तिथे ईएसपी३२ चा एडीसी जरा वाकडाच चालतो. म्हणून नुसत्या डेटाशीटवर विसंबू नका. पातं हाताने फिरवून सोळाही दिशांचे आकडे टिपा (शेजारचे दोन स्विच एकदम लागले की मधली दिशा, म्हणून आठाच्या सोळा), ते चढत्या क्रमाने लावा आणि लगतच्या दोघांच्या मधोमध सीमा धरा.

सरासरी साधी काढू नका हं. ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा थेट दक्षिणेचा! साइन आणि कोसाइनच्या वेगळ्या सरासऱ्या काढून मग एटॅन२ (त्या दोन्हींवरून कोन देणारं फंक्शन) लावा.