नव्या लेन्ससाठी बोर्ड घरी करता येईल का?

प्रश्न : माझ्याकडे ४×५ इंची फिल्मचा जुना लाकडी कॅमेरा आहे. मूळ बोर्डावर, म्हणजे लेन्स धरणाऱ्या पुढच्या फळीवर, १५० मिमीची लेन्स बसवलेली आहे. आता कोपाल १ (कोपाल कंपनीच्या १ नंबर आकाराच्या) शटरमधली २१० मिमीची लेन्स हाती आली, पण तसा दुसरा बोर्ड मिळत नाही. हार्डबोर्ड कापून एक केला, तर निगेटिव्हच्या एका कडेला काळपट पट्टा येतो. बोर्डाला चीर कुठेच नाही. मग चुकलं काय?

उत्तर : उजेड बोर्डातून नाही, कडेने शिरतोय. मूळ बोर्ड काढून पालथा करा. मागे चौकोनी उंचवटा दिसेल. तो कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटीच्या खाचेत बसतो, त्यामुळे उजेडाला सरळ वाट मिळत नाही. वळणं घेताना तो काळ्या रंगात विरून जातो. तुमचा सपाट तुकडा नुसता चौकटीला टेकलाय. शिवाय हार्डबोर्ड दमट हवेत वाकतो.

मी दोन थरांचे बोर्ड करते. पुढे ३ मिमीचा चांगला प्लाय, बाहेरची मापं हुबेहूब जुन्या बोर्डाची. मागे खाचेत सैल न होता बसेल एवढा लहान तुकडा. गोंद लावायच्या आधी दोन्ही कॅमेऱ्यावर धरून बघाच. फोकस आपण कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या दुधी काचेवर बघून करतो, म्हणून जाडीतल्या किंचित फरकाने तो बिघडत नाही. पण बोर्ड चौकटीवर धरून ठेवणाऱ्या पकडपट्टीखाली जाणारी कड जाड झाली तर बोर्ड बसतच नाही.

भोकाचा मध्य कर्णरेषा मारून ठरवू नका. काही कॅमेऱ्यांत तो जरा खाली असतो, तेव्हा जुन्या बोर्डावरूनच घ्या. कोपाल ०ला ३४.६ मिमी, कोपाल १ला ४१.६ आणि कोपाल ३ला ६५ मिमी भोक लागतं. तरी तुमचं शटर व्हर्नियरने मोजा. जुन्या शटरांची मापं वेगळी असतात. मी भोक मिलिमीटरभर लहान पाडते आणि अर्धगोल कानशीने हळूहळू वाढवते. दर चार-पाच हातांनी शटर लावून बघायचं. मागच्या तुकड्याचं भोक मात्र चांगलं मोठं ठेवा. मागून आवळायची रिंग आणि तिचा पाना त्यात फिरायला हवा, नाहीतर दोन थरांच्या जाडीत रिंगेला आटेच सापडत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. शटरच्या पाठीवर बहुधा एक छोटा स्क्रू वर आलेला असतो, शटर बोर्डावर गरकन फिरू नये म्हणून. माझ्या पहिल्या बोर्डात मी त्याला खाच ठेवली नाही. लेन्स एका अंगाला केसभर उचलली गेली, चित्राची डावी बाजू मऊ येत राहिली, आणि मी कित्येक दिवस लेन्सलाच दोष देत होते. स्क्रूपुरती खाच कोरा, किंवा तो काढून जपून ठेवा.

मागची बाजू आणि कडा मॅट काळ्या रंगवा. चकचकीत काळा चालत नाही, तो उजेड परतवतो. रंग पूर्ण वाळू द्या. मग रात्री खोलीत अंधार करा, कॅमेऱ्याच्या घडीदार भात्याच्या आत पेटता टॉर्च ठेवा, शटर बंद करा आणि कॅमेऱ्याची पाठ काळ्या कापडाने झाका. दहा मिनिटं डोळे सरावले की बोर्डाच्या चारी कडा तिरक्या नजरेने बघा. पुढची चौकट कलवूनही बघा, कारण काही फटी तेव्हाच उघडतात.