वाचक विचारतात: आयातीने नोकरी गेली, हे सिद्ध कोण करणार?

प्रश्न: सर, आमच्या ग्रुपवर टॅरिफवरून, म्हणजे आयात मालावरच्या जकातीवरून, जोरदार वाद झाला. एक मित्र म्हणतो अमेरिकेत बाहेरच्या स्वस्त मालामुळे कापड गिरणी बंद पडली तर कामगारांना सरकार वेगळी मदत देतं, दुसरा म्हणतो असलं काही नाही, साधा बेकारी भत्ता मिळतो तेवढाच. खरं काय?

उत्तर: दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत, त्यामुळे तुमचा वाद अजून बरेच दिवस चालेल. बेकारी भत्ता तिथे आहेच, तो राज्यं देतात. त्याशिवाय आयातीचा फटका बसलेल्यांसाठी ट्रेड अॅडजस्टमेंट असिस्टन्स नावाची स्कीम होती, सगळे टीएए म्हणतात. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात १९६२ च्या व्यापार कायद्यात ती आली. विचार साधा होता, जकात कमी केली की सगळ्या देशाला शर्ट स्वस्त मिळतो पण त्याचा भुर्दंड गिरणीतल्या माणसाला, मग त्याला काहीतरी द्या. आणि दिलं की युनियनवाले गप्प बसतील हाही हिशोब त्यात होताच, उगाच भाबडेपणा नको. पण अटी अशा की जकात कमी केल्यामुळेच आयात वाढली आणि मुख्यतः त्या आयातीमुळेच नोकरी गेली, हे दोन्ही सिद्ध करायचं. परिणाम काय, तर १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज पास झाला नाही! युनियनची माणसं या स्कीमला मयताचा विमा म्हणायची, म्हणजे नोकरी मेल्यावर तिच्या अंत्यविधीपुरते पैसे. १९७४ च्या कायद्यात अटी सैल झाल्या, आयात हे एक महत्त्वाचं कारण आहे एवढं दिसलं तरी चालायला लागलं, तेव्हा कुठे गाडी हलली.

प्रश्न: पण नोकरी गेलेला माणूस हे सिद्ध कसं करणार? त्याच्याकडे कुठून येणार आयातीचे आकडे?

उत्तर: अगदी मुद्द्याचं विचारलंत. आकडे त्याने आणायचे नसायचे. तीन कामगारांनी मिळून, किंवा युनियनने, कंपनीने किंवा राज्याच्या ऑफिसने अर्ज करायचा, तोही कामावरून काढल्यापासून वर्षाच्या आत. मग केंद्रातलं कामगार खातं कंपनीकडून उत्पादन आणि विक्रीचे आकडे मागवायचं, आणि कंपनीच्या गिऱ्हाइकांना विचारायचं की बाबा तुम्ही यांचा माल घेणं कमी केलंत ते बाहेरचा माल घ्यायला लागलात म्हणून का. इथे खरी गोम आहे. समजा टॉवेलची गिरणी आयातीने बंद पडली, तिचा अर्ज पास होणार, पण तिला सूत पुरवणारी गिरणी? सूत तर कुणी आयात केलंच नाही! असे पुरवठादारांकडचे कामगार मुख्य स्कीममध्ये आले ते थेट २००२ च्या दुरुस्तीने, म्हणजे चाळीस वर्षांनी. मला विचाराल तर स्कीमचा मूळ दोष हाच, नोकरी का गेली यावर सगळी चौकशी, पण घरभाडं भरताना कारण कोण विचारतं?

शिवाय पास व्हायचा तो सगळ्या कारखान्याचा अर्ज, त्यानंतर प्रत्येकाने राज्याच्या ऑफिसात जाऊन आपापला क्लेम वेगळा टाकायचा. मग ट्रेनिंगची फी मिळायची, बेकारी भत्ता संपला की ट्रेनिंग चालू असेपर्यंत ठराविक आठवडे तेवढीच रक्कम मिळायची, दुसऱ्या गावी नोकरी लागली तर सामान हलवायचा खर्च, आणि २००२ नंतर आरोग्य विम्याच्या हप्त्यावर करसवलत. ऐकायला छान आहे, पण घड्याळ कायम डोक्यावर. २००२ च्या नियमात अर्ज पास झाल्यापासून ८ आठवडे किंवा काम सुटल्यापासून १६ आठवडे, यातलं जे नंतर येईल तोवर कोर्सला नाव घातलंच पाहिजे, पुढे २००९ मध्ये ते २६ आठवडे केलं.

पिलोटेक्स या कापड कंपनीचंच बघा. ३० जुलै २००३ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅनापोलिसचा त्यांचा टॉवेल-चादरींचा कारखाना बंद झाला, त्या राज्यात चार हजारांहून जास्त लोक एका फटक्यात घरी. बरेच जण शाळा अर्धवट सोडून गिरणीत लागलेले, म्हणजे नवीन धंद्याचा कोर्स राहिला बाजूला, आधी हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा द्या. वीस-पंचवीस वर्षं मागावर काढलेल्या बाईला तुम्ही सांगताय की दोन-चार महिन्यांत ठरव तुला पुढे काय शिकायचंय!

प्रश्न: मग पन्नाशी ओलांडलेल्यांनी काय करायचं? या वयात कोण परत बाकावर बसणार?

उत्तर: त्यांच्यासाठी २००२ च्या कायद्यात पगार विमा आला, आणि हा भाग मला मनापासून आवडतो. वय ५० च्या वर, नवीन नोकरी मिळाली पण पगार कमी, तर फरकाची अर्धी रक्कम सरकार दोन वर्षं द्यायचं, एकूण १०,००० डॉलरपर्यंत. म्हणजे आधी वर्षाला ४०,००० होते आणि आता ३०,००० मिळतायत तर वर्षाला आणखी ५,००० सरकारकडून. फक्त नवीन पगार ५०,००० च्या आत हवा असायचा. कोर्स नाही, परीक्षा नाही, कामाला लागा आणि पैसे घ्या.

प्रश्न: असं इतर कुठे आहे का?

उत्तर: युरोपियन युनियनचा फंड आहे, २००७ पासून. सुरुवातीलाच इटलीतल्या सार्डिनिया, टोस्काना वगैरे भागातल्या कापड कामगारांसाठी त्यातून पैसे मागितले गेले. तेव्हा साधारण १,००० नोकऱ्या गेल्या तरच अर्ज चालायचा, २०२१ पासून ती अट २०० नोकऱ्यांपर्यंत खाली आणलीय.

प्रश्न: आणि अमेरिकेची स्कीम आज चालू आहे का?

उत्तर: नाही, म्हणून तर वर "होती" लिहिलं. कायद्यातच मुदत होती, संसदेने ती वाढवली नाही, आणि १ जुलै २०२२ पासून नवीन अर्ज घेणं आणि आलेल्या अर्जांवर निर्णय देणं दोन्ही थांबलं. ३० जूनपर्यंत ज्यांचा कारखाना पास झाला होता आणि कामही तोवर सुटलं होतं त्यांना आपला क्लेम पुढेही चालवता आला. ज्यांचा अर्ज त्या दिवशी टेबलावर पडून होता तो तिथेच राहिला.