नाष्टा बिघडतो तो पाण्यात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांतून सकाळच्या नाष्ट्याबद्दल आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पदार्थ निरनिराळे असले तरी बहुतेकांचं दुखणं एकच आहे: धान्याला पाणी किती दिलं, केव्हा दिलं आणि ते किती गरम होतं. खाली जिथं ‘वाटी’ म्हटलं आहे, ती साधारण 150 मिलिलिटरची धरावी.

प्रश्न : हॉटेलातल्यासारखं मऊ उप्पीट घरी होत नाही. कधी गुठळ्या, कधी गिचका, आणि निवलं की वडी पडते. रवा भाजूनच घेते. बन्सी रवा घ्यावा की साधा? (टिळकवाडी, बेळगाव)

आधी हातातला रवा कोणता ते पाहा, कारण पाण्याचं माप त्यावर ठरतं. शिऱ्या-लाडवाच्या बारीक रव्याला दुप्पट पाणी पुरतं. जाड्या रव्याला अडीचपट लागतं. बन्सी रवा कडक डुरम गव्हाचा, पिवळसर आणि कणीदार असतो, त्याला तिप्पट पाणी हवं. आपल्या जिल्ह्यात अजून पिकणाऱ्या खपली गव्हाचा जाड रवा घेतलात तर साडेतीनपट, आणि वर थोडा धीरही. रवा बदलला पण पाणी तेच ठेवलं की उप्पीट फसणारच. उप्पिटासाठी आमची पसंती बन्सीलाच आहे. त्याचा कण शिजूनही कण राहतो.

गुठळी होते कशी, तेही समजून घ्या. कच्चा किंवा अर्धवट भाजलेला रवा गरम पाण्यात एकदम पडला की गोळ्याच्या बाहेरचे कण क्षणात फुगून चिकट होतात आणि आतल्या कोरड्या रव्यापर्यंत पाणी जाऊच देत नाहीत. तेलावर नीट भाजलेला कण सुटा राहतो. म्हणून एक वाटी बन्सी रवा एक चमचा तेलावर, मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजा. रंग बदलायची वाट पाहू नका. खमंग वास सुटला आणि कालथा फिरवताना रवा वाळूसारखा सरसर सुटू लागला की झालं. तो लगेच ताटलीत काढा, गरम कढईत ठेवला तर खालचा भाग करपतो.

त्याच कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी, एकेक चमचा उडीद डाळ आणि हरभरा डाळ. डाळी तांबूस झाल्यावर कढीपत्ता, तीन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि एक कांदा. कांदा पारदर्शक होईतोच परता, लाल झाला की उप्पिटाला गोडसर भाजका वास येतो. मग तीन वाट्या पाणी, एक सपाट चमचा मीठ, अर्धा चमचा साखर. हे पाणी चाखून पाहा. या वेळी ते किंचित खारट लागलं तर शेवटी मीठ बरोबर बसतं.

पाणी खळखळून उकळलं पाहिजे, कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे. आता आच कमी करा, एका हातानं रव्याची बारीक धार सोडा, दुसऱ्या हातानं ढवळत राहा. दोन मिनिटांत ते खिरीसारखं पातळ दिसेल आणि पाणी जास्त झालं असं वाटेल. इथंच बरेच जण घाबरून वरून रवा घालतात. घालू नका. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी पाच मिनिटं तसंच झाकून. ही शेवटची पाच मिनिटं सोडू नयेत, कणाच्या मधल्या भागापर्यंत वाफ याच वेळात पोचते. नंतर एक चमचा तूप, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू.

निवल्यावर वडी पडते, कारण शिजलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट बसतो. हे पूर्ण थांबवता येत नाही, पण पाणी पुरेसं आणि तेल-तूप मिळून तीन-चार चमचे असेल तर उप्पीट तासभर तरी मऊ राहतं. हॉटेलातल्या मऊपणाचं कारणही हेच: पाणी जास्त, तेल जास्त आणि सतत वाफ. उरलेलं गरम करताना वर उकळत्या पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. गुठळ्या झाल्याच तर गार पाणी ओतू नका. अर्धी वाटी उकळतं पाणी घालून गुठळ्या कढईच्या कडेला कालथ्याच्या पाठीनं दाबून मोडा.

प्रश्न : उप्पीट आणि उपमा यांत फरक काय? (निपाणी)

पदार्थ एकच. आपल्याकडचा ‘उप्पीट’ हा शब्द कन्नड ‘उप्पिट्टु’वरून आला: उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. सोबत शिरा आला की बंगळूरकडे त्या जोडीला ‘चौचौ बाथ’ म्हणतात.

प्रश्न : पड्डू (आप्पे) बिडाच्या पात्राला चिकटतात, आणि थंडीत पीठ फुगतच नाही. सोडा घातला तर वास येतो. प्रमाण आणि पद्धत सविस्तर सांगावी. (चिकोडी)

प्रमाण असं: तीन वाट्या जाड तांदूळ (सुवासिक बासमती किंवा आंबेमोहर नको), एक वाटी उडीद डाळ, पाव वाटी जाड पोहे, एक चमचा मेथी. तांदूळ आणि डाळ वेगवेगळी भिजवा. मेथी डाळीबरोबर. चार-पाच तास पुरे. डाळ फार वेळ पाण्यात राहिली की तिचा चिकटपणा पाण्यात उतरतो, आणि पिठातली हवा धरून ठेवतो तो चिकटपणाच. त्यामुळे वाटताना डाळीचं भिजवलेलं पाणीच वापरा, टाकू नका.

डाळ आधी, एकटी वाटा. मिक्सर असेल तर हे पाणी फ्रिजमध्ये गार करून घ्या आणि थांबून थांबून फिरवा, कारण भांडं तापलं की पीठ तापतं आणि नीट फुगत नाही. वाटलेल्या डाळीचा छोटा गोळा पाण्यात टाका. तरंगला तर डाळ झाली, बुडाला तर आणखी फेटायची आहे. ही परीक्षा चुकवू नका, पड्डू हलका होणार की दगड होणार हे इथंच कळतं. तांदूळ बारीक रव्याइतका खरबरीत ठेवा, पोहे त्यातच वाटा. दोन्ही एकत्र करून हातानं दोन मिनिटं फेटा. पीठ इडलीच्या पिठाएवढं दाट असावं.

आता थंडीचं. पीठ फुगवण्याचं काम डाळ-तांदळावर मुळातच असलेले जिवाणू करतात. त्यांना 28 ते 30 अंशांची ऊब मिळाली तर आठ-दहा तासांत पीठ दीडपट-दुप्पट होतं. बेळगावात डिसेंबर-जानेवारीची रात्र 15 अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा तेच पीठ सकाळी जसंच्या तसं दिसलं तर चूक पिठाची नाही. वाटताना शेवटी कोमट पाणी वापरा, भांडं घोंगडीत गुंडाळा किंवा बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेवा, आणि बारा-चौदा तासांचा हिशोब धरून संध्याकाळी सहालाच वाटून ठेवा. मीठ पीठ फुगल्यावर घातलेलं बरं. पावसाळ्यात उलटं होतं: हवा दमट असली तरी फार गार नसते, पीठ पहाटेच आंबतं, म्हणून रात्री उशिरा वाटा. सोडा घातल्यानं पड्डूला जाळी दिसते, पण आंबवल्याची चव येत नाही. सोडा वगळा.

पड्डूला दुसऱ्या दिवशीचं पीठ पहिल्या दिवशीपेक्षा चांगलं. इडली आज, पड्डू उद्या, असा क्रम बसवा. कांदा, मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता आणि खोबऱ्याचे बारीक तुकडे लागेल तेवढ्याच पिठात, घालायच्या क्षणी मिसळा. कांदा घातलेलं पीठ ठेवलं तर त्याला पाणी सुटून ते पातळ होतं आणि वासही येतो.

चिकटण्याची कारणं तीन. पात्र पुरेसं तापलेलं नसतं, ते साबणानं घासून त्याचा तेलकट थर काढलेला असतो, किंवा पड्डू सुटायच्या आधीच उलटायची घाई होते. नवं किंवा घासून काढलेलं पात्र मंद आचेवर तापवा, प्रत्येक खळग्यात तेल लावा, अर्धा कापलेला कांदा फिरवा, गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा केलं की बीड वळणावर येतं. नंतर ते फक्त गरम पाण्यानं आणि फडक्यानं स्वच्छ करा.

घालताना प्रत्येक खळग्यात पाव चमचा तेल, आणि पीठ पाऊण भागच. सुरुवात बाहेरच्या खळग्यांपासून करा, मधला सगळ्यांत शेवटी भरा, कारण आच मध्यभागी जास्त असते. मधला तरीही आधी होतो, तो आधी उलटा. झाकण ठेवून मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं. कडा सुटून तांबूस झाल्या की सळईनं किंवा चमच्याच्या टोकानं कडेला हलकं टोचा. पड्डू आपणहून फिरला तर तयार, अडला तर आणखी अर्धा मिनिट थांबा. उलटल्यावर झाकण नको, दोन मिनिटांत दुसरी बाजू कुरकुरीत होते.

प्रश्न : पोहे कडक होतात किंवा लगदा होतो. (हुक्केरी)

जाड पोहे चाळणीत घेऊन नळाखाली एकदाच भिजवा आणि दहा मिनिटं निथळत ठेवा. पाण्यात बुडवून ठेवू नका. बोटांत दाबल्यावर दाणा चुरडला पाहिजे, पण आकार टिकला पाहिजे. मीठ-साखर निथळतानाच लावा. फोडणीत घातल्यावर दोन मिनिटं झाकून वाफ, बस्स.

प्रश्न : चुरमुऱ्याची सुशीला भिजट होते, खाताना तोंडात गोळा होतो. (निपाणी)

चुरमुरे कोणते घेतले? पातळ, हलके चुरमुरे पाण्यात पडताच विरघळायला लागतात. सुशीलेला (कन्नडमध्ये सुसला) जाड, टणक चुरमुरे घ्या. चौघांना 200 ग्रॅम. बघायला पातेलंभर दिसतात, पण भिजल्यावर निम्मेही राहत नाहीत.

मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घ्या. एका वेळी दोन मुठी चुरमुरे टाका, तळहातानं बुडवा, दहापर्यंत मोजा, उचला आणि दोन्ही हातांत दाबून पिळा. फार जोरात पिळलं तर लगदा, सैल पिळलं तर पाणी. उघडलेल्या मुठीत गोळा न राहता चुरमुरे सुटे पडले म्हणजे दाब बरोबर. सगळे एकदम भिजवले तर पहिले पिळेपर्यंत शेवटचे गळून जातात. बऱ्याच घरांत चूक इथंच होते.

पिळलेल्या चुरमुऱ्यांवर अर्धी वाटी पंढरपुरी डाळ्याचं पीठ भुरभुरा आणि बोटांनी हलकं फिरवा. ते उरलेलं पाणी शोषून घेतं आणि प्रत्येक चुरमुरा सुटा ठेवतं. सुशीलेची चवही त्यातच आहे, म्हणून पीठ वगळू नका. फोडणीत शेंगदाणे, मिरच्या, दोन कांदे, हळद, थोडी साखर. टोमॅटो घातलात तर त्याचं पाणी आटू द्या. मीठ बेतानं, चुरमुरे आधीच खारट असतात. चुरमुरे घातल्यावर दोनच मिनिटं परता. झाकण ठेवू नका, वाफेचं पाणी परत त्यावरच गळतं. लिंबू, खोबरं घालून लगेच वाढा. शेजारी मिरची भजी असेल तर उत्तमच.

प्रश्न : तांदळाचं घावन तव्यावरच तुटतं. आंबोळीचं पीठ वापरलं तर चालेल का? (खानापूर)

चालेल, पण मग ती आंबोळीच होईल. आंबोळीचं पीठ उडीद घालून आंबवलेलं, दाट, पसरवायचं. घावनाचं नुसतं तांदळाचं, न आंबवलेलं, ताकासारखं पातळ, ओतायचं. एक वाटी पिठाला पावणेदोन वाट्या पाणी आणि मीठ, वीस मिनिटं भिजू द्या. तव्यावर ओतण्याआधी प्रत्येक वेळी तळापासून ढवळा. पीठ खाली बसतं, त्यामुळे पहिली घावनं पाणचट होऊन तुटतात आणि शेवटची जाड होतात. बिडाचा तवा चांगला तापवा. पाण्याचा थेंब नाचला पाहिजे. पीठ कडेकडून आत गोलाकार ओता, ‘चर्र’ आवाज आणि लगेच जाळी यायला हवी. झाकण एक मिनिट, कडा उचलल्या की उलथा. पीठ शिळं असेल तर कितीही जपलं तरी तुटतं. धुऊन वाळवलेल्या तांदळाचं ताजं दळण आणा.

प्रश्न : भाकरी-पड्डूबरोबरची शेंगाचटणी मिक्सरमध्ये लोण्यासारखी होते. तिखट कोणतं घालावं? (संकेश्वर)

दाणे गरम असताना फिरवले की त्यांचं तेल लगेच सुटतं. 250 ग्रॅम दाणे मंद आचेवर भाजा, सोला आणि पूर्ण गार होऊ द्या. आधी पंधरा-वीस लसूण पाकळ्या, एक चमचा जिरं, मीठ आणि तिखट फिरवून घ्या, मग दाणे घालून दोन-दोन सेकंदांचे सात-आठ झटके द्या. मध्ये चमच्यानं खालचं वर करा. भरड दिसली की थांबा. खलबत्ता असेल तर प्रश्नच मिटला, कुटलेल्या चटणीला तेल सुटतं पण गोळा होत नाही.

तिखटाचं म्हणाल तर ब्याडगी मिरची रंगाला, आणि तुमच्याच गावाच्या नावाची संकेश्वरी मिरची झणक्याला. दोन मोठे चमचे ब्याडगीला एक छोटा चमचा संकेश्वरी पुरे. मुलं खाणार असतील तर फक्त ब्याडगी. ओल्या लसणाची चटणी चार दिवसांत वास मारते, सुका लसूण घातलेली कोरड्या बरणीत आणि कोरड्या चमच्यानं वापरलीत तर पंधरा दिवस टिकते.