टाकीचे माप ठरवण्यापूर्वी

प्रिय तरुण सहकाऱ्यास,
सप्रेम नमस्कार.

शहराच्या पाणीसाठ्याचा तुमचा आराखडा मिळाला आणि दोनदा वाचून काढला. वीस वर्षांनंतरची लोकसंख्या काढायची, तिला दरडोई पाण्याने गुणायचे आणि येणाऱ्या रोजच्या मागणीचा एक तृतीयांश भाग टाक्यांमध्ये साठवायचा, असा हिशेब तुम्ही मांडला आहे. ठोकताळा म्हणून तो वाईट नाही. मीही कित्येक वर्षे तसाच मांडत होतो. परंतु पाणी येण्याची वेळ आणि ते लागण्याची वेळ यांत जे अंतर पडते ते भरून काढण्यासाठी साठा लागतो, आणि तुमच्या साऱ्या तक्त्यांमध्ये वेळेचा रकाना कुठेच नाही.

एक लहान विभाग घ्या. त्याची रोजची मागणी २४ लाख लिटर आहे. रात्री दहा ते पहाटे पाच दर तासाला ३० हजार लिटर, पाच ते नऊ अडीच लाख, नऊ ते संध्याकाळी पाच ८० हजार आणि नंतर रात्री दहापर्यंत एक लाख दहा हजार लिटर पाणी लागते असे समजू. पंप चोवीस तास सारख्या गतीने चालला, तर टाकीत तासाला एक लाख लिटर येतील. आता रात्री दहापासून आवक वजा मागणी अशी बेरीज करत जा: पहाटे पाचपर्यंत ४ लाख ९० हजार लिटर शिल्लक पडतात, पुढच्या चार तासांत ६ लाख खर्च होतात आणि नऊ वाजता १ लाख १० हजारांची तूट उरते. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यांतले अंतर ६ लाख, म्हणजे टाकी दिवसाच्या पाव मागणीएवढी पुरते. तेच पाणी पंपाने फक्त सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या आठ तासांत चढवायचे ठरवले, तर हे अंतर १७ लाख ६० हजार लिटरवर जाते. माणसे तीच, पाणी तेच, आणि टाकी जवळजवळ तिप्पट! तुमच्या एक तृतीयांशाच्या हिशेबात या दोन्ही ठिकाणी ८ लाख लिटरची टाकी बसली असती.

यावर बिघाडासाठीचा साठा वेगळा धरायचा. मुख्य जलवाहिनी फुटल्यावर ती जोडायला किती तास लागतात, हे पुस्तकात शोधू नका, दुरुस्तीच्या पथकाला विचारा. ते आठ तास म्हणाले तर सरासरीने ८ लाख लिटर होतात; पण पहाटे पाचला वाहिनी फुटली, तर दुपारी एकपर्यंत १३ लाखांहून अधिक लागतील. आग विझवण्यासाठीचे पाणी त्याखेरीज. मात्र भीतीपोटी टाकी फुगवतही जाऊ नका. पाणी फार काळ साठून राहिले की त्यातला क्लोरीन उतरत जातो. शिवाय टाकीचे दोन कप्पे केलेत, तर एक धुताना दुसऱ्यावर पुरवठा चालू ठेवता येतो.

माझी एक चूक सांगतो. उमेदीच्या काळात मी एका उंच टाकीचे माप मोठ्या अभिमानाने काढले होते. दोन वर्षांनी ती धुण्यासाठी रिकामी केली तेव्हा शिडीने आत उतरलो. भिंतीवर सुमारे दोन तृतीयांश उंचीपर्यंत क्षारांचा पांढुरका थर चढला होता, आणि त्यावरचे काँक्रीट साच्याच्या फळ्या काढल्या त्या दिवसासारखे कोरे होते. तिथवर पाणी कधी पोहोचलेच नव्हते. टाकी भरणाऱ्या वाहिनीवरच वाटेत परस्पर जोडण्या दिल्या गेल्या होत्या आणि रात्रीचे पाणी टाकीच्या आधीच संपत होते. व्हॉल्व्हमनला हे पहिल्या महिन्यापासून ठाऊक होते. मी त्याला कधी विचारले नव्हते. तेव्हापासून मी टाकीच्या मापाबरोबर ती भरणाऱ्या वाहिनीचाही हिशेब मागतो.

मागणीच्या आकड्यांविषयीही सावध राहा. जिथे दिवसातून दोनच तास पाणी सुटते तिथे मोजलेला खप ही त्या दोन तासांची मर्यादा असते, कारण उरलेला साठा लोकांनी आपापल्या पिंपांत आणि गच्चीवरच्या टाक्यांत केलेला असतो. गळती धरताना टक्केवारी कशावर लावता तेही पाहा: वाटेत पाचवा हिस्सा जात असेल, तर नळाशी १०० लिटर पोहोचण्यासाठी १२० नव्हे, १२५ लिटर सोडावे लागतात.

धरणाच्या साठ्याला हेच तत्त्व लागू पडते, फक्त तासांच्या जागी महिने आणि वर्षे येतात. रिप्पल या अभियंत्याने १८८३ मध्ये मांडलेली संचयी आलेखाची पद्धत म्हणजे वर केलेली बेरीजच आहे. तिथे सरासरी पावसाचे वर्ष घेऊन चालत नाही. लागोपाठ आलेली कोरडी वर्षे शोधावी लागतात. केपटाउनमध्ये २०१५ ते २०१७ अशी तीन वर्षे पाऊस कमी पडला आणि फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालावी लागली. एकाच कोरड्या वर्षाचा हिशेब करणाऱ्याला अशी वेळ आधी दिसत नाही. बाष्पीभवन वजा करा, मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारे आणि वापरता न येणारे पाणी, वेगळा ठेवा, आणि गाळामुळे पंचविसाव्या वर्षी उपयुक्त साठा किती उरेल तेही लिहा.

राहता राहिली शहराची वाढ. एकूण लोकसंख्येचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो. ती वाढ कोणत्या बाजूला होईल, हा अंदाज हमखास चुकतो. म्हणून वीस वर्षांच्या साऱ्या टाक्या आजच बांधू नका. पहिल्या दहा वर्षांच्या बांधा, पुढच्यांसाठी उंचावरच्या जागा मात्र आताच राखून ठेवा, कारण टाकी नंतर बांधता येते, पण तोवर टेकडीवर घरे उभी राहिलेली असतात.

सुधारित आराखडा पाठवण्याआधी मला प्रत्येक टाकीच्या पातळीच्या सलग सात दिवसांच्या तासागणिक नोंदी पाठवा. त्यात एक सुट्टीचा दिवस असू द्या, आणि एखाद्या रात्री टाकी भरून वाहिली असेल, तर ती नोंद खोडू नका.

आपला,
एक जुना सहकारी